सुमनच्या तक्रारीवरचा शेरा

तुम्हाला सांगतो, हेब्बाळला आमच्या घरामागे ऑफिसांची इमारत आहे. तिच्या गच्चीवर चिलर आहे, म्हणजे सगळे मजले गार ठेवणारं यंत्र. त्याची घरघर माझ्या बायकोला, सुमनला, छळायची. ती वेळा टिपून तिकडे तक्रारी पाठवायची. मला कधी काही ऐकू आलं नाही. मी म्हणायचो, "अगं, भास आहे तुझा."

ती जाऊन चार महिने झाले आणि तिथला इंजिनिअर दारात आला. बेळगावचा, मराठीच.

"काका, काकूंना बोलवा की! मशीन गप्प केलंय. त्यांनी ऐकून सही केली की आमची फाईल बंद."

ती आता नाही, मी सांगितलं. त्याने पुढे केलेला फॉर्म मागे घेतला.

"कंट्रोलचं सेटिंग चुकलं होतं, काका. मशीन सारखं बंद-चालू व्हायचं. आम्हाला सापडतच नव्हतं. शेवटी काकूंच्या वेळा कंप्युटरमधल्या नोंदींशी ताडून बघितल्या. मिनिटाचा फरक नाही बघा."

मग चाचरत म्हणाला, "सही तुम्ही कराल?"

फॉर्मवर शेऱ्यासाठी एक ओळ मोकळी होती. तिथे मी लिहिलं, 'तक्रार खरी होती,' आणि खाली सही केली.