दोन कप चहा

चिखलीच्या स्टँडवर पुष्पांजली लोणारच्या गाडीची वाट पाहत होती. मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. म्हाताऱ्याच्या मांडीवर पांढऱ्या कापडात बांधलेला डबा होता.

“पोरीच्या अस्थी भेटल्यावर लगेच नाही निघालो, शीलाची माय. क्योटोत शीला फोनवर दाखवे, त्या जुन्या गल्लीत गेलो.”

“कशी हाय वो?”

“दोन्हीकडं लाकडाची घरं, मधात दगडाच्या पायऱ्या. लोक फोटो काढून राह्यले होते. मी पायरीवरच बसलो.”

“काऊन?”

“पाय उचलेना. चहाच्या दुकानातली बाई बाहेर आली. तिले शीलाचा फोटो दाखवला.”

“वळखलं तिनं?”

“हाव. हासली. आतून दोन कप घेऊन आली. एक मले देल्ला, एक बाजूच्या रिकाम्या जागी ठेवला. तिले वाटलं, पोरगी मांगून येऊन राह्यली.”

“मंग सांगतलं नाही तुम्ही?”

“कोणत्या भाषेत सांगू? खाली मान घालून दोन्ही कप मीच पेलो.”

म्हातारीनं डब्यावरच्या कापडाची गाठ नीट केली.

“बरं केलं. चहा तसाच टाकला असता, तं शीलाले आवडलं नसतं.”