चॅनेल रिकामं होतं

माझा दादा गेला त्या दुपारी वायरलेसचं चॅनेल रिकामं होतं, असं काँक्रीटच्या प्लांटवरचे सुभेदारसाहेब म्हणाले. नर्सिंग होमची गाडी आमच्या मयूर विहारमध्येच एका पेशंटला घरी सोडून नोएडाकडे निघाली होती. परत वळा, असं तिला वायरलेसवर सांगितलं गेलं. तिला ते ऐकू गेलं नाही.

तुम्ही म्हणालात सुरुवातीपासून सांगा, पण काय सांगू तुम्हाला, माझी सुरुवात आता तिथूनच होते. तरी सांगते. मी पुण्याची, लग्न होऊन आले ती आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. मी शाळेच्या लायब्ररीत होते आणि हे सरकारी वायरलेस खात्यात. कोण कुठल्या फ्रीक्वेंसीवर बोलतंय, त्याच्याकडे लायसन्स आहे की नाही, कुणाचा आवाज कुणाच्या सेटमध्ये घुसतोय, हे ऐकत बसायचं, हेच यांचं काम. मला ऐकण्याचा पगार मिळतो, असं हे म्हणायचे, आणि मी म्हणायची, मग घरी आल्यावर जरा फुकट ऐका की.

मग नव्वदीचे दिवस आले. नोएडात सेक्टरमागून सेक्टर उभे राहत होते, मोबाइल अजून यायचे होते, आणि ज्याच्या गाड्या रस्त्यावर त्या प्रत्येकाला वायरलेसचा सेट हवा होता. यांनी लवकर रिटायरमेंट घेतली, नोएडात सेट बसवायचं दुकान काढलं, लोकांना लायसन्स मिळवून द्यायला लागले, आणि आम्ही मयूर विहारच्या सोसायटीत राहायला आलो. वहिनी गेल्यावर दादाही आमच्याकडेच आला. माझा एकुलता एक भाऊ, माझ्याहून बराच मोठा. सकाळी बाल्कनीत मेथी निवडत बसायचा आणि खालच्या भाजीवाल्याशी पुणेरी हिंदीत भांडायचा, भैया, ये मेथी है की गवत, आणि भाजीवाला म्हणायचा, अंकलजी, जो समझो, पैसे मेथी के लगेंगे. दादाला दिल्लीत करमायचं ते त्या भाजीवाल्यामुळे.

यांच्याकडची तीन गिऱ्हाइकं एकाच चॅनेलवर होती. फ्रीक्वेंसी मोजक्याच, मागणारे फार, म्हणून सरकारच सांगायचं की वाटून वापरा. एक नर्सिंग होम, एक टॅक्सीवाले आणि एक काँक्रीटचा प्लांट, ज्याचे मिक्सरचे ट्रक गावभर फिरायचे. रोज भांडणं. नर्सिंग होमच्या रिसेप्शनवर पेशंट बसलेले असायचे आणि सेटमधून प्लांटवाल्यांच्या शिव्या यायच्या. एकदा टॅक्सीच्या ऑफिसातून कुणी म्हणालं, मैडम को एयरपोर्ट से उठा लो, तर मधूनच मिक्सरवाला म्हणाला, उठा लेंगे जी, मिक्सर में बैठेंगी क्या? हे घरी येऊन सांगायचे तेव्हा दादा हसून हसून बेजार व्हायचा. पण टॅक्सीचे मालक हसले नाहीत. दुकानात येऊन टेबलावर हात आपटत म्हणाले, लायसन्स मेरा, फ्रीक्वेंसी मेरी, ये दूसरे कौन होते हैं? हे म्हणाले, लालाजी, लायसन्स बोलने का है, दूसरों को चुप कराने का नहीं.

शेवटी यांनी सगळ्यांच्या सेटना टोन बसवला. म्हणजे काय तर प्रत्येकाच्या बोलण्याबरोबर एक खूण जाते, कानाला कळत नाही अशी, आणि आपल्या माणसांची खूण आली तरच आपला सेट उघडतो. बाकीचे त्याच चॅनेलवर बोलतच असतात, फक्त आपल्याला ऐकू येत नाहीत. म्हणून बोलण्याआधी सेटवरचं एक बटण दाबून बघायचं असतं. ते दाबलं की सगळे ऐकू येतात, आणि कुणी बोलत असेल तर आपण थांबायचं. हे प्रत्येकाच्या ऑफिसात जाऊन यांनी स्वतः शिकवलं, पहले सुनिए, फिर बोलिए. सगळे खूश. लालाजींनी सोहन हलवा पाठवला. शांतता झाली हो, इतकी शांतता झाली की ते बटण दाबायचं कुणाला कारणच उरलं नाही.

त्या दुपारी दादाच्या छातीत दुखायला लागलं. घामाने सदरा भिजला. मी नर्सिंग होमला फोन केला, नंबर पाठच होता, ते म्हणाले, आंटीजी, गाड़ी आपकी ही तरफ है, अभी मोड़ते हैं. मी दादाला म्हटलं, आलीच. हे नोएडात दुकानावर, शेजारचे पुरुष सगळे कामावर, स्टँडवर जाऊन टॅक्सी आणावी तर दादाला एकट्याला सोडावं लागणार, आणि गाडी तर आलीच होती. मी बाल्कनीत गेले. पांढरी गाडी खालच्या रस्त्याने जाताना मला दिसली. मी हात केला. वाटलं, दुभाजकातल्या पुढच्या कटवरून वळेल. दादाने आतून विचारलं, आली का गं? मी म्हटलं, वळतेय.

नर्सिंग होममधून निरोप गेला त्याच क्षणी प्लांटवरून सुभेदारसाहेब आपल्या मिक्सरवाल्यांना कुठला तरी सेक्टर सांगत होते. दोन आवाज एकावर एक पडले, खूण ओळखू आली नाही, आणि गाडीतला सेट गप्पच राहिला. नर्सिंग होमवाले पुन्हा बोलले, सुभेदारसाहेबांचंही चालूच होतं. गाडी नोएडाला पोचल्यावर ड्रायव्हरला कळलं. तो आला, फार वेगाने आला, पण तोवर दादा गेला होता. डॉक्टर म्हणाले, वेळेत येऊनही कदाचित काही झालं नसतं. कदाचित, एवढंच म्हणाले.

तेराव्याला सुभेदारसाहेब आले. फौजेतून रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट, दारातच बसले, आत या म्हटलं तर येईनात. म्हणाले, बहनजी, मैं बिना सुने कभी नहीं बोलता. सेट चुप था. चैनल खाली था. मी विचारलं, आणि ते बटण? त्यांनी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, उसमें तो सबका शोर आता है जी, उसी शोर के लिए तो साहब ने टोन लगाया. पाणीसुद्धा न पिता गेले. खोटं बोलत नव्हते ते.

ते गेल्यावर मी यांना म्हटलं, तुम्ही त्यांचे कान बंद केलेत. हे म्हणाले, हो. एवढंच.

मग टोन काढून टाका म्हणून हे तिघांच्या पाया पडले, पण कुणी ऐकेना. लालाजी म्हणाले, भाईसाहब, फिर वही गालियाँ? नर्सिंग होमवालेही नाही म्हणाले. तेव्हा यांनी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तिन्ही ऑफिसांत जायचा नेम धरला. ऑपरेटरच्या शेजारी उभं राहायचं आणि बटण दाबून घ्यायचं. लोक म्हणायचे, आ गए पंडितजी, घंटी बजाओ, और आरती करो. सुभेदारसाहेब मात्र हे दिसले की उठून उभे राहायचे आणि बटण दाबूनच बसायचे.

घरात आमचं बोलणं कमी झालं. भांडण असं नाही. हे स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थोडा वेळ थांबायचे, मी काही म्हणते का बघायचे, आणि मग चहा मागायचे. मी त्यांना थांबू द्यायची. मी जे बोलले ते कधी मागे घेतलं नाही, कारण ते खरं होतं, आणि बटण शिकवायला हा माणूस ऑफिसा-ऑफिसांतून हिंडला होता हेही खरंच होतं. दोन्ही एकदम कसं म्हणायचं ते मला कधी जमलं नाही. इतकी पुस्तकं हाताखालून गेली, पण नाही जमलं.

पुढे मोबाइल आले. एकेकाने लायसन्स सोडलं, सेट जमा झाले, दुकान बंद झालं. गेल्या थंडीत हेही गेले. शेवटच्या आठवड्यात एकदा यांनी माझ्याकडे पाहून नुसते ओठ हलवले. मी वाकून ऐकलं. बोल, म्हणत होते.

घरात आता मी एकटी. गच्चीवर यांच्या अँटेनाचा खांब अजून आहे, त्यावर सोसायटीने पाण्याच्या टाकीचा पाइप बांधलाय. फोन वाजला की मी उचलते आणि आधी ऐकते. समोरचे हॅलो हॅलो करतात.