चिखलाच्या टायरचा एकच जोड

मी, वय ५१ वर्षे, धंदा सायकल विक्री व दुरुस्ती, राहणार दुकानामागच्या दोन खोल्यांत, ओळखीतले लोक मला दुकानवाली ताई म्हणतात, आज गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता स्वतःहून पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगते की, वडिलांच्या माघारी गेली बावीस वर्षे मी हे दुकान चालवते. सोबत माझा धाकटा भाऊ राहतो. त्याचे वय ३९, तो पाण्याच्या टाकीवर पंप चालवतो. घरात आम्ही दोघेच.

मयत इसम शाळेत चित्रकला शिकवत. त्यांना सगळे मास्तरच म्हणत, मीही. भाऊ व मास्तर दर रविवारी सकाळी सात वाजता सायकली घेऊन खाणीमागच्या डोंगरात जात व अकरापर्यंत परत येत. असे आठ वर्षे चालू होते. त्यांच्यात कधी भांडण झालेले मला माहीत नाही. चिडवाचिडवी रोजचीच होती.

मागच्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी दोघे दुकानात आले. थंडीतला पाऊस लागून राहिला होता, म्हणून चिखलात चालतील असे टायर त्यांना हवे होते. भावाला रुंद टायर पाहिजे होते. मी सांगितले की, चिकट चिखलात रुंद टायर भरून जातो, मग चाक नुसते फिरते, धरत नाही. टायर अरुंद घ्यावा, त्याचे दाते उंच आणि विरळ असावेत, म्हणजे चिखल आपोआप झडतो. हवा जराशी कमी ठेवावी. मास्तर भावाला म्हणाले, "ऐक, ऐक. ताई शिकवते तेव्हा तुझं लक्ष कुठं असतं?" भाऊ म्हणाला, "तुम्ही बसा की पुढच्या बाकावर."

तसल्या टायरचा एकच जोड माझ्याकडे होता. या भागात तो दुसरीकडे मिळत नाही व यंदा माझ्याकडेही तेवढाच आला होता. मास्तरांनी तो आधी हातात घेतला होता. मी त्यांच्या हातातून घेऊन भावाच्या सायकलला बसवला. मास्तरांना म्हणाले, तुमचे टायर अजून नवे आहेत, पुढचा माल येईपर्यंत निभून जाईल. त्यांचे टायर कोरड्या वाटेचे होते, दाते बुटके व दाट. मास्तर म्हणाले, "चालतील की. मी कुठं उडणार आहे? मी आपला घसरत घसरत येईन." आम्ही तिघेही हसलो.

रविवारी मी उठले तेव्हा भाऊ घरात नव्हता. दुपारी एक वाजता तो एकटा आला. सायकल धुतलेली होती. म्हणाला, "ताई, हे टायर काढ. जुने लाव. जमत नाहीत." मी मास्तर कुठे म्हणून विचारले. तो म्हणाला, "पाठीत चमक भरली, गेलोच नाही डोंगरात. टाकीवर होतो." मी टायर काढले. रिमच्या कडेला आतून पिवळी चिकणमाती होती. ती खाणीमागच्या उतारावर असते. टाकीजवळ सगळा मुरूम आहे. मी ती फडक्याने पुसली. आणखी काही विचारले नाही.

संध्याकाळी सहाच्या सुमारास मास्तरांची बायको आली. तिच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. तिने विचारले, "ताई, हे इकडे आलेत का?" मी नाही म्हणाले. ते खरे होते. काढलेले टायर माझ्यामागे खिळ्याला टांगलेले होते. भाऊ आतल्या खोलीत होता, तो बाहेर आला नाही.

सोमवारी सकाळी लोक शोधायला निघाले. भाऊ त्यांच्यात होता व त्याने लोकांना नदीकडच्या वाटेने नेले, असे मला नंतर कळले. मंगळवारी दुपारी मास्तर खाणीमागच्या घळीत सापडले.

तेव्हापासून भाऊ कामावर गेलेला नाही. दुकानात स्टुलावर बसून राहतो. हवा भरायचा कॉम्प्रेसर बंद झाला की उठून परत चालू करतो. भरायला कोणाचे चाक नसते. काल मी वैतागून म्हणाले, "अरे, बंद कर ते, कान किटले." तो म्हणाला, "बंद केलं की ऐकू येतं." काय ऐकू येते, ते मी विचारले नाही. आज सकाळी सात वाजता त्याने आपणहून सांगितले.

रविवारी खाणीमागचा उतार तो आधी उतरला. खालून ओरडला, "या बिनधास्त, टायर धरतायत!" मास्तर निघाले. वळणावर त्यांचे मागचे चाक सरकले व ते घळीत गेले. भावाला ते दिसत नव्हते, आवाज येत होता. "छोट्या, ए छोट्या," अशी ते भावाला हाक मारत होते. आवाजात राग नव्हता, हे भावाने दोनदा सांगितले. घळीत उतरता येईना म्हणून तो माणसे आणायला निघाला. मी विचारले, "मग सांगितलं का नाहीस कुणाला?" तो म्हणाला, "पहिलं घर आलं तेव्हा वाटलं, पुढच्या घरी सांगू. मग घरं संपली. नंतर सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं, ते सांगावं लागणार."

मला इथे ठाण्यात उतारावरच्या चाकांच्या खुणांचे फोटो दाखवले. त्यांतल्या उंच दात्यांच्या खुणा माझ्या दुकानातल्या त्या जोडाच्याच आहेत. त्या खाली जातात व परत वर येतात. टायर मी सोबत आणले असून हजर करत आहे. भाऊ बाहेर बाकावर आहे. मी त्याला आणलेले नाही, तो माझ्यामागून चालत आला.

डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे मास्तर सोमवारी पहाटेपर्यंत जिवंत होते, हे मला आत्ता इथे समजले. रविवारी टायर बदलायला मला पंचवीस मिनिटे लागली. तेवढा वेळ भाऊ माझ्यासमोर उभा होता. मी एकदा मान वर करून पाहिले असते, तर त्याने सांगितले असते. हे मला कोणी विचारलेले नाही. तरी लिहून घ्यावे.

वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे, कमी-जास्त काही नाही, म्हणून खाली सही करते.