अस्वलाची थाळी

न्हाई मॅडम, लपवायचं काय असंल, हे बघा, उघडली खोली — या, बसा. तुमी नांदेडहून तपासायला न सांगता येताल असं वाटलं न्हवतं, म्हणून खोली झाडायची राहिली. हाव, प्रयोगाच्या सामानाची ही खोकी तीन वर्षं अशीच हायत. वरून सामान येतं, संगं पत्र येतं — पोरींच्या हातून नवं काही घडू द्या, देश पुढं न्या. आन् हितं एक तार तुटली तर मला जबाब द्यावा लागतो. मग कोण हात लावू देतंय? — अस्वल पळवायचं यंत्र? माझंच की. म्हणजे बक्षिसाच्या अर्जावर नाव माझंच हाय ना, बालाजी सर, विज्ञान शिक्षक. असं हाय, आमच्या वसतिगृहामागं किनवटचं जंगल. पहाटं पोरी संडासाला निघाल्या की वाटंवर अस्वल. तर वाटंला आडवा दोरा बांधायचा. त्याला धक्का लागला की मोटर फिरती, मोटरीला बांधलेला चमचा थाळी बडवतो, अस्वल पळतं. — वाऱ्यानं दोरा हलला तर का वाजत न्हाई? ते... ते असं...

न्हाई सांगता येत, मॅडम. दीपमालाला येतं. आठवीतली पोर. तिनं मोटर मागितली, मीच खोकं फोडून दिली. पंधरा दिवस पोरी बिनघोर होत्या. मग सामानाची तपासणी आली, मोटर कमी भरली. हेडमास्तर म्हणले, कुणी दिली? माझी नोकरी कंत्राटी. मी म्हणलो, तिनं चोरली. हेडमास्तरांनी बापाला बोलावून शाळा सोडल्याचा दाखला हातात दिला; यंत्र तेवढं पोरींसाठी वाटंवर राहू दिलं. पोर रडली न्हाई. म्हणली, सर, सेल संपत आलेत, बदला. — न्हाई बदलले. पुन्हा कुणी इचारलं, सेल कुणी दिले, तर, म्हणून भ्यालो. थाळी गप झाली. गेल्या आठवड्यात गुणाबाईला, आमच्या स्वयंपाकीणबाईला, अस्वलानं फाडलं. जगली, पण उजवा हात उचलत न्हाई. आन् दीपमालाची वही माझ्याकडंच राहिली होती, त्यातलं चित्र मी तुमाला आधीच धाडलं होतं. माझ्या नावानं.

द्या तो अर्ज हिकडं. — हे खोडलं. दीपमाला शेषेराव, लिहिलं. मोटर मी दिली, हेबी लिहिलं. ही सही. तिचं गाव पुढच्या स्टेशनापशी हाय, तिलाच इचारा दोऱ्याचं. मी हेडमास्तरांकडं खरं सांगायला निघालो. न्हाई, संगं येऊ नका. तुमी बाजूला असलात की मी पुन्हा स्वतःला वाचवायला गोड बोलंन. जावा तुमी.