अठ्ठेचाळीसची फ्रेम

बालाजी : बघा रामहरीभाऊ, सीट पार खाली घेतली. आता टेकले का न्हाय ताईचे पाय?

शिवकन्या : पाय टेकले म्हणून सायकल मापाची होत न्हाय, शेठ. माझे हात बघा. हँडलापतुर पार आडवी व्हायलेय मी.

रामहरी : शिवकन्ये, शेठला शिकवू नको. आपण बेंबळीहून धाराशिवला वाद घालायला आलो न्हाय. किती वर्षं झाली सायकली विकत्यात ते.

शिवकन्या : विकत्यात ते आप्पा, चालवणार मी हाय. सीट खाली-वर होती, फ्रेम आखूड होत न्हाय. ही चोपन्न सेंटीमीटरची हाय. मला अठ्ठेचाळीसची लागती. ती काय वर टांगलीय, निळी.

बालाजी : ती लहानाय ओ. रेसर सायकल म्हणजे कशी ऐसपैस पाहिजे. ही घ्या, एकदम मजबूत माल. घरात सगळ्यांना चालंल.

रामहरी : तेच म्हणतो मी. दोन-चार सालात ही जाईल सासरला. मग सायकल काय रुखवतात मांडायची? हिचा धाकटा भाऊ शंभू अंगानं वाढाय लागलाय. मोठी घेतली तर त्याला व्हईल.

शिवकन्या : शंभूनं मागितलीय का सायकल? त्याला फटफटी पायजे.

रामहरी : आज न्हाय मागितली, उद्या मागंल.

शिवकन्या : मागंल तवा त्याच्या मापाची घ्या. लहानपणापासून माझा फ्रॉक वाढत्या मापाचा, चप्पल वाढत्या मापाची, पुढं कापूस कोंबून. पाय वाढंस्तोवर चप्पल तुटून गेली. आता एकोणीसची झाले आप्पा, आणखी कुठं वाढू?

रामहरी : आवाज खाली. लोक बघायलेत.

शिवकन्या : बघू द्या. शेठ, ती निळी काढा. दांडीवर पाय टाकून उभी राहते.

रामहरी : हितं? दोन्हीकडं पाय टाकून? रस्त्यावरनं समदं दिसतंय की!

शिवकन्या : फ्रेमचं माप असंच घेत्यात. दांडी अन् अंगाच्या मधी चार बोटं जागा पायजे. मी काय चोरी करायलेय का?

(बालाजी निळी सायकल खाली उतरवतो. शिवकन्या ओढणी कमरेला आवळून दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय रोवते.)

शिवकन्या : आता बघा. दोन्ही हाताची बोटं ब्रेकवर कशी बसली.

बालाजी : मोठीवर पण बसतील ताई, सवयीनं.

शिवकन्या : सवय करून झाली शेठ. सालभर कॉलेजातल्या खेळाच्या सरांची सायकल चालवली, ती पण मोठीच. आप्पा, तुळजापूरच्या घाटात मी कशानं पडले, ठाव हाय तुमाला?

रामहरी : कशानं म्हणजे? वेगानं. हज्जारदा सांगत हुतो, दमानं घे.

शिवकन्या : वेगानं न्हाय. उतारावर ब्रेक धराय गेले तर बोटं पोचलीच न्हाईत. पुढं माणसांनी भरलेली जीप हुती. म्हणून सायकल खडीत घातली.

रामहरी : अन् हे मला आज सांगायलीस?

शिवकन्या : तवा सांगितलं असतं तर सायकलच बंद केली असती तुमी. गावात जो तो म्हणला, पोरीच्या जातीला झेपत न्हाय. मी गुमान ऐकून घेतलं. आता न्हाय ऐकणार. झेपत हुतं मला. मापच माझं नव्हतं.

रामहरी : झालं ते झालं. आता काय त्याचं?

शिवकन्या : दिवाळीत डेअरीच्या मालकानं तुमाला चालवाय दुधाचा नवा टँकर दिला. सीट सरकत नव्हती. मालकाला काय म्हणला हुता?

रामहरी : ती गोष्ट येगळी.

शिवकन्या : काय म्हणला हुता?

रामहरी : म्हणलं, क्लचवर पाय पुरता पोचत न्हाय. चावी ठेवा तुमच्यापाशी. असली गाडी मी रोडवर काढत न्हाय.

शिवकन्या : मग मालक काय म्हणला? वाढशील म्हणला?

बालाजी : हे मात्र खरंय हां, भाऊ!

रामहरी : हसू नका शेठ.

शिवकन्या : मला लई राग आलाय आप्पा. पुढल्या महिन्यात सायकल शर्यतीसाठी विभागाची निवड हाय. मोठीच घ्यायची आसंल तर शंभूच्या नावानं घ्या, अन् निवडीला पण त्यालाच पाठवा. मी चालले स्टँडवर.

रामहरी : थांब. उतरू नको.

शिवकन्या : का?

रामहरी : ब्रेक धर. आवळ. आता सोड... परत आवळ. मान वर करून पुढचं दिसतंय का सगळं?

शिवकन्या : दिसतंय.

रामहरी : खांदा दुखतोय?

शिवकन्या : न्हाय.

रामहरी : कोपर दाखव. ...लईच सोलवटलं हुतं की गं. शेठ, हिची हवा तपासा अन् द्या.

बालाजी : भाऊ, तुमच्याच भल्याचं सांगतो, परत विचार करा. ही घरात दुसऱ्या कुणाच्या कामाला येणार न्हाय. पोराला न्हाय, तुम्हाला न्हाय.

रामहरी : कुणाच्याच न्हाय?

बालाजी : कुणाच्याच न्हाय. ताई सोडून.

रामहरी : मग हीच द्या.