रिकाम्या खात्यात पडलेला आहेर

माजं नाव महादेव, पण ह्या नावानं वाशी तालुक्यात इचाराल तर कुणी घर दावनार न्हाय, म्हाद्या आवाजवाला कुठं राहतो म्हणा, बारकं पोरगं बी आणून सोडंल. आमची वस्ती तेरखेड्याच्या अलीकडं माळावर, चार घरं आन् शेळ्या, त्यातली मानसं कमी आन् शेळ्या जास्त, म्हणून म्या आधी शेळीसारखं ओरडायला शिकलो आन् मंग मानसासारखं, आय अजून पाव्हण्यांना सांगती, हे पोरगं आधी ब्यां म्हणलं आन् मंग आय म्हणलं. आण्णा, म्हंजे माजे वडील, जलमभर शेळ्याच राखायले. म्या झाडामागं लपून करडावानी ओरडायचो, शेळ्या चरायच्या सोडून माज्याकडं पळत यायच्या, आन् त्यांच्या मागं काठी घेऊन आण्णा. पळताना आण्णांचा आवाज काढायचो, मंग अजून एक काठी.

आता शेळ्या सगळ्या आमच्या न्हाईत बरं का, निम्म्या अर्धलीच्या हायत. अर्धली म्हंजे कसं, शेळी दुसऱ्याची, राखायची आपुन, करडं झाली की निम्मी त्याची निम्मी आपली. तेरखेड्याचे एक म्हातारे आबा हायत, त्यांच्या शेळ्या आमच्याकडं पहिल्यापासून. आन् आण्णांचा एक नियम, दुसऱ्याची शेळी दारात आली की पाणी पाजायच्या आधी तिच्या डाव्या कानाला चीर. म्या बारका असताना रडायचो, म्हणायचो आण्णा तिला दुखतंय. आण्णा म्हणायचे, दुखू दे, त्यांची बी काळी आन् आपली बी काळी, एखांदी लांडग्यानं नेली तर मानूस लगीच म्हणतं त्याची गेली, आपली राहिली, चीर असली की मन बदलत न्हाय.

तवा म्हणलं ह्यात काय एवढं.

शाळा वाशीला. तिथं म्या हेडसरांचा आवाज काढला, वर्गात न्हाय, त्यांच्याच हापिसाच्या खिडकीखाली, आज लवकर सुट्टी हाय म्हणून, निम्मी शाळा घरी गेली. सरांनी मारलं, आन् लगोलग गॅदरिंगचा माइक हातात दिला, म्हणले इथं काय बोंबलायचं ते बोंबल. तेवढंच माजं शिक्षण समजा, बारावी बी झालीय पण ती सांगण्यासारखी न्हाय. त्याच्यापसून लग्नं, हळदी, वाढदिवस, बारसं, म्हाद्या पायजे. नवरदेवाच्या मामाचा आवाज, मंगलाष्टकात मधीच खोकणाऱ्या भटजींचा आवाज, आन् सगळ्यात मागणी आबांचा आवाज, कारण आबा मोठ्या मानाचे, कुणाच्या बी लग्नात पहिल्या खुर्चीवर, आन् बोलताना दर वाक्याच्या आधी हंऽऽ असा दम घेणार. नुसतं हंऽऽ केलं की मांडव हसायचा.

मंग नाद लागला सोताच्या साउंडचा. दोन बॉक्स, मशीन, बिनवायरचा माइक, हप्त्यावर घेतलं. हप्ता पाच तारखेला खात्यातून आपोआप जानार. आपोआप म्हणल्यावर म्या बिनघोर झालो, काय सांगू तुमाला, तिथंच घात झाला. कारण पैसे आपोआप जात्यात, येत न्हाईत. बिदागी आली की त्याच खात्यात, आन् चहा बी त्याच खात्यातून, वडापाव बी, रिचार्ज बी, गाडीत तेल बी, समोर स्कॅनर दिसला की म्या टिक करून मारलाच. खिशात नोट असली की ती मोडताना मानूस इचार करतं, फोनमधी मोडायचं काय, नुसता आवाज येतो. दहा, वीस, चाळीस. खात्यात किती राहिले हे बघायला म्या भ्यायचो, म्हणून बघायचोच न्हाय. एक पाच तारीख आली आन् हप्त्याला थोडेसेच कमी पडले. लई न्हाय, चार चहा आन् एक रिचार्ज कमी प्यालो असतो तर जमलं असतं.

हप्ता परत गेला की साउंडची हप्तेवाली कंपनी दंड लावती, आन् हप्ता परत का गेला म्हणून बँक येगळा लावती, आन् खात्यात कमीत कमी एवढे ठेवायचेत ते ठेवले न्हाईत म्हणून त्याचा येगळा. एका चुकीला तीन मालक. मंग फोन. बाई गोड बोलायची, सर आपका हप्ता बाकी है, कब तक हो जाएगा सर. म्या तिच्याच आवाजात तिला परत म्हणायचो, हो जाएगा मॅडम, हो जाएगा. ती बी हसायची, पण दुसऱ्या दिशी दुसऱ्याचा फोन यायचा, त्याला हसू येत नव्हतं.

तवा म्या लई हुशारी केली. म्हणलं खातं रिकामंच ठेवायचं, बिदागी रोख घ्यायची, रिकाम्या रांजणातून कोण काय उपसनार? दंड लागतोय म्हणून मेसेज यायचे, म्या न बघता पुसायचो. मला वाटायचं पैसेच न्हाईत तर बँक गप बसंल. बँक गपच बसली व्हती, पण वाट बघत बसली व्हती, मांजर बसतं तशी.

आन् त्यातच आबांच्या नातीचं लग्न आलं. पूजा, सोपानतात्यांची पोरगी, सोपानतात्या म्हंजे आबांचा मुलगा. मांडव दारातच, साउंड माजा, पुकारा माजा. आता आमच्याकडची रीत तुमाला ठावं हाय, आहेर माइकवर पुकारायचा, अमक्या गावचे अमके, नवरीचे चुलत मामा, यांच्याकडून पाचशे एक रुपये. पुकारलं की मानूस छाती काढून बसतं, न्हाय पुकारलं की तीन पिढ्या बोलत न्हाय. तर सकाळी तात्या आले, म्हणले म्हाद्या, आर पुण्याची, हैदराबादची पाव्हणी रोख बाळगत न्हाईत, समदी स्कॅनर मागायलीत, माजा फोन साधा. तुजा स्कॅनर लाव माइकपाशी, आहेर पडंल तसा पुकार बी तूच आन् सांभाळ बी तूच, जेवणं झाल्यावर आचाऱ्याला द्यायचेत तेवढे काढून दे. एवढा इश्वास. म्या म्हणलं व्हय तात्या. खातं रिकामं हाय एवढंच डोक्यात, रिकामं म्हंजे स्वच्छ, पाव्हण्यांचा पैसा वरचेवर दिसंल, मोजायला सोपा. ही माजी अक्कल.

अक्षता पडल्या, बाहेर सुतळीबॉम्बची माळ उडाली, आन् आहेर सुरू. पहिला पडला, पुकारला. दुसरा पडला, पुकारला. पूजाच्या मावसभावाकडून एक हजार एक, टाळ्या. तवा फोन थरथरला. म्हणलं अजून एक आला, बघतो तर आला न्हाय, गेला. मागच्या दंडाचे कापले. म्या माइक तोंडाशी धरून उभा आन् तोंडातून शब्द निघंना. खालून कुणी तरी म्हणलं, म्हाद्या, हवा गेली का रं? मांडव हसला. म्या बी हसलो, आन् फुडचं नाव पुकारलं.

परत आहेर पडले, म्या पुकारले, फोन थरथरला, अजून कापले, ह्या येळी दुसरा दंड. मंग साठत साठत रक्कम जराशी मोठी झाली, म्हणलं आता बँकेचं पोट भरलं आसंल, तर थकलेला हप्ताच गेला, अख्खा. पाव्हण्यांचा आहेर पुढून यायला आन् मागून जायला, आन् मधी म्या, गोड आवाजात नावं पुकारत उभा. स्वयपाकाच्या चुलीपाशी आचारी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसत माज्याकडं बघायला. तिकडं पूजा मान खाली घालून बसलेली, तिला काय ठावं, तिच्या आहेरातून माजे बॉक्स फिटायलेत. अजून एक थकलेला हप्ता बाकी हाय हे मला आठवलं. स्कॅनर काढावा तर का म्हणून सांगू? तेवढ्यात हैदराबादची गाडी उतरली, सात-आठ जण, सगळ्यांच्या हातात फोन, सरळ माइककडंच.

म्या बॉक्सांमागं लावलेल्या पडद्यामागं सरलो. इचार केला न्हाय, खरंच न्हाय, तोंडातून आपोआप आलं, हंऽऽ, पाव्हणे मंडळी, फोनमधला आहेर मला दिसत न्हाय, माज्या नातीच्या हातात रोख द्या, न्हाय तर देऊच नका. आबांचा आवाज, हुबेहूब, दोन्ही बॉक्समधनं.

सगळ्यांच्या माना आबांकडं. आन् आबा पहिल्या खुर्चीवर, तोंड मिटलेलं, तोंडात पान.

काय सांगू तुमाला, तेवढी लांब येळ जिंदगीत कधी गेली न्हाय. मागच्या रांगेत आण्णा बसलेले, त्यांनी मान खालीच घातली, ज्यानं माज्या आवाजावर शेळ्या पळताना बघितल्यात त्याला सांगावं लागत न्हाय. तात्या उठले, त्यांच्या कपाळावर आठी. म्हणलं संपलं, आता ह्या मांडवातून म्या माइक घेऊन न्हाय, मार घेऊन जानार, आन् जिल्ह्यात कोण बोलवंल मला?

आबा काठी टेकत उठले. पडदा बाजूला केला. माज्याकडं बघितलं, माज्या हातातल्या फोनकडं बघितलं. हात फुडं केला. म्या माइक दिला. पिंक टाकली त्यांनी निवांत, आन् म्हणले, हंऽऽ, असं बघायलात काय, म्याच म्हणलो, पान व्हतं तोंडात म्हणून आडून म्हणलो, काढा रोख. मांडव खदखदून हसला, हैदराबादचे पाव्हणे पाकिटं चाचपायला लागले, एकमेकांकडून उसने घेऊन आहेर करायले. आबांनी माइक बंद केला आन् हळूच म्हणले, मांडवामागं ये.

मांडवामागं म्या सगळं सांगितलं. रडलो बी. आबा काय वरडले न्हाईत, वरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणले, तुज्या बानं माजी एक शेळी आपल्यात मिसळू दिली न्हाय, आन् तू माज्या नातीचा आहेर चहाच्या पैशात मिसळलास व्हय रं? मंग बंडीच्या आतल्या खिशातून पैसे काढले, आचाऱ्याला तात्यांच्या हातानं दिले, तात्यांना म्हणले आहेरातलेच हायत. मला म्हणले, पूजा पाचपरतवणाला माहेरी येईल तवा तिच्या हातात तिचं पडलं पायजे. आन् अजून एक, न इचारता माजा आवाज वापरलास, त्याचं येगळं बघू.

म्या तुळजापूरला गेलो, एका साडीच्या दुकानाला भाविक आत वढायला आवाज पायजे व्हता. या ताई, या मावशी, बघायला पैसे लागत न्हाईत, सकाळपसून दिवस बुडंपतूर, घशाचा पार भुगा. रोजगार रोजच्या रोज घ्यायचो, मालक फोनमधी टाकतो म्हणला की हात जोडायचो, नोटाच द्या मालक. पूजा आली त्या दिशी नोटा आबांच्या हातात दिल्या, आबांनी तिच्या. तिला वाटलं आजोबा खुशीनं द्यायलेत, ती त्यांच्या पाया पडली. आबा माज्याकडं बघून हसले, म्या भिताडाकडं बघितलं.

आण्णा त्यावर एकच वाक्य बोलले, दावणीपाशी, आबांच्या शेळीच्या कानावरनं हात फिरवत. म्हणले, तुज्या त्या बँकेत कान चिरता येतो का इचार. म्या तसंच जाऊन बँकेतल्या मॅडमला इचारलं, त्या आधी हसल्या, मंग दुसरं खातं काढून दिलं, कमीत कमी ठेवायची भानगड नसलेलं. आता दोन खाती हायत. पहिलं हप्त्याचं, त्याला फोन जोडलेला न्हाय, स्कॅनर न्हाय, लग्न ठरवताना इसार आला की आधी तिकडं, पाच तारखेच्या आधी म्या सोता बघून येतो. ते चिरलेल्या कानाचं खातं, त्यातनं चहा पीत न्हाय. दुसरं चहाचं, त्यात असतील तेवढे, संपले की घरचा चहा, आय कोरा बी देती. लोकांचा आहेर? लोकांचा आहेर लोकांच्या फोनवर. म्या नुसतं नाव पुकारनार.

आन् आबांचं राहिलंच. बोलले तसं त्यांनी येगळं बघितलं. म्हणले, माजा आवाज तुला अर्धलीनं दिला, राख, वाढव, पण जे इकलं जाईल त्यातलं निम्मं माजं. आता प्रत्येक लग्नात लोक म्हणत्यात, म्हाद्या, हंऽऽ कर. म्या करतो, बक्षीस पडतं, आन् त्यातलं निम्मं येगळ्या खिशात. मागल्या बाजाराला द्यायला गेलो तर आबा खाटेवर, आजारी हायत, दम लागतोय. पैसे मोजले, त्यातली एक नोट मला परत दिली, म्हणले ही तुजी, चुकून इकडं आली. म्या म्हणलं आबा, राहू द्या की. तर हंऽऽ करायला गेले आन् दम पुरंना, माज्याकडं बोट केलं, कर म्हणून.

मंग म्या केला. हंऽऽ. आबा हसले, डोळे मिटून. म्हणले, ब्येस. बरा राखलायस.

चला, तुमाला चहा पाजतो. चहाच्या खात्यात हायत अजून.