चिलर कुणी बंद केला

मी मूळचा निपाणीकडचा, बा तंबाखूच्या वखारीत हमाली करायचा, मी आयटीआयला फ्रिज-एसीचं काम शिकलो आणि बेंगळूरला आलो, तेव्हापासून घरात मराठी, बाहेर कन्नड, असंच चाललंय बघा. दुकानं झाली, हॉटेलं झाली, मग होसकोटेच्या पुढं एका वाईनच्या कारखान्यात टाक्या गार ठेवणारं मशीन, चिलर, सांभाळायला लागलो. बायको म्हणाली, दुसरं काम नाही मिळालं व्हय? मी म्हणालो, अगं मी पीत नाही, नुसतं गार करतो.

तिथं वाईन करणारी पोरगी होती, चित्रा, वयानं माझ्या लेकीएवढी, पण मी अक्काच म्हणायचो, ती मला अण्णा. काय सांगू तुम्हाला, त्या टाक्यांवर तिचा जीव. कन्नडात समजावायची, अण्णा, रसातलं यीस्ट जिवंत असतंय, साखर खातंय, त्याची दारू करतंय, आणि खाता खाता तापतंय, म्हणून पांढऱ्या वाईनला गारव्यात सावकाश होऊ द्यायचं, तापलं की ते पळत सुटतंय आणि फळाचा वास गॅसबरोबर उडून जातोय. झाकण उघडून वास द्यायची, कधी पेरूचा, कधी लिंबाच्या फुलाचा, मी न पिणारा माणूस, पण टाकीपाशी उभं राहावं वाटायचं, खरंच.

मालकाला घाई झाली. नव्या वाईनचा कार्यक्रम ठरलेला, पाहुणे बोलावलेले, आणि टाकीतलं काम संपेना. अक्काला म्हणाला, गारवा कमी कर, लवकर होईल. ती म्हणाली, सर, लवकर होईल, पण वास राहणार नाही. तेवढ्यात तिच्या आईचं ऑपरेशन निघालं, ती शिमोग्याला गेली. मालकानं मला चिलर बंद करायला सांगितला, मी म्हणालो, अक्काला एक फोन करतो, तर ह्यानं स्वतःच बटण दाबलं आणि चिलरच्या खोलीला कुलूप घातलं.

शी! काय घाण सुटली हो. सडक्या अंड्याची, तुंबलेल्या गटाराची, माझा डबा तसाच घरी परत जायचा. अक्का आली, झाकण उघडलं आणि तिथंच खाली बसली. म्हणाली, अण्णा, उष्णतेनं यीस्ट हैराण झालंय, फळाचं काही उरलं नाही, हे ओतून द्यायचं. मालक कसला ओततोय! त्यानं एसेन्सच्या बाटल्या आणल्या, हे मिसळ म्हणाला, तिनं हात लावला नाही, तर त्यानं स्वतःच ओतल्या. मग सगळ्यांना गोळा करून सांगायला लागला, हिनं यीस्ट खराब वापरलं, हिला काढतोय, आणि माझ्याकडं वळला, अण्णा, चिलर चालूच होता ना? मी म्हणालो, सर, तुम्हीच बंद केला की. तो म्हणाला, सरी, ठीक आहे, उद्यापासून तू पण येऊ नको.

हत्यारं आणायला गेलो तर नेमका कार्यक्रम चाललेला. बेंगळूरच्या एचएसआर लेआउटकडची सुटाबुटातली माणसं पेला हलवून नाक घालायली, व्वा व्वा म्हणायली, आणि मालक सांगायला लागलेला, सगळा फळाचाच वास आहे, आम्ही वरून काही घालत नाही. मी हत्यारांची पिशवी उचलली आणि मागच्या दारानं बाहेर पडलो.

आता येलहंकात आइस्क्रीमच्या दुकानांचे फ्रीझर दुरुस्त करतोय, बरं चाललंय. अक्का दुसऱ्या कारखान्यात लागली, परवा फोन आला, आई बरी आहे म्हणाली, नवी टाकी लावलीय म्हणाली. तिच्या हाताला यश येवो. त्या मालकाची वाईन अजून खपतेय म्हणे. खपू दे. मी त्या रस्त्यानं जात नाही, दुसरीकडनं स्वल्प लांब पडतंय, पण जात नाही.